वरून खारट, आतून अळणी

३ नोव्हेंबर
बीपी वाढलंय. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, मीठ कमी करा, महिन्याने बघू, नाहीतर गोळी. बायकोने तिथेच जाहीर केलं, गोळी सुरू झाली की तुमची भट्टी बंद, बेकरी माझा भाऊ संतोष बघेल. संतोष! त्याला टोस्ट आणि खारीतला फरक कळत नाही.
संकल्प: गोळी नाही. रोज आपलाच पाव खातो, तर पावातलंच मीठ कमी करायचं. चव तीच ठेवून. उगाच नाही इतकी वर्षं बेकरी चालवली.

५ नोव्हेंबर, पहाटे
मीठ निम्मं केलं. मीठच यीस्टला आवरतं; त्याला मोकळं रान मिळालं, लादी फुगून ट्रेबाहेर. चव कापसाची. दोष मैद्याचा.

९ नोव्हेंबर
सापडलं! पिठात मीठ नावाला. लादीवर पाण्याचा हात फिरवून वरून जाडं मीठ. जिभेला आधी तेच लागतं, आतलं अळणी कळतच नाही. संतोषला मुद्दाम खाऊ घातला. म्हणाला, नेहमीसारखाच आहे. पहिल्यांदा काहीतरी बरोबर बोलला.

१२ नोव्हेंबर
रावजींच्या मिसळीच्या हॉटेलात नवा पाव दिला. स्वतः बसून टेस्टिंग केलं. तर्री दोनदा, पापड, वर फरसाण. पाव फर्स्ट क्लास लागला. रावजी म्हणाले, शेठ, लय भारी, रोज येत जा. जाणारच. टेस्टिंग अर्धवट सोडू नये.

२० नोव्हेंबर
सातपूरच्या टपरीवाल्या सुलाबाईंची तक्रार. कारखान्यातले फर्स्ट शिफ्टवाले चहात पाव बुडवून खातात, वरचं मीठ चहात उतरतं. म्हणाल्या, लोक माझ्या चहाला नावं ठेवतात, हा पाव नको बाबा. लोकांच्या सवयीच वाईट. त्यांना मिसळ ठेवायचा सल्ला दिला.

२८ नोव्हेंबर
टेस्टिंग रोज चालू. बोटातली अंगठी निघेना. थंडीमुळे असावं.

३ डिसेंबर
बीपी आधीपेक्षा जास्त. मशीन बिघडलंय म्हटलं. मॅडमनी दुसऱ्या मशीनवर घेतलं. आणखी जास्त. विचारलं, पाव कशाबरोबर खाता? सांगितलं, मिसळीबरोबर, टेस्टिंगसाठी. बायकोने कपाळावर हात मारला. मॅडम हसल्या. फार वाईट वाटलं.

४ डिसेंबर
भट्टी संतोषकडे. गेल्या गेल्या त्याने मीठ पुन्हा पिठात घातलं.
गोळी घेतली. घरात माझ्या हातचा शेवटचा पाव होता. सवयीने चहात बुडवला.
सुलाबाईंची माफी मागायला हवी.