सुस्त पेशी आणि ट्रम्पेट

प्रति,
मा. विभागप्रमुख,
फुप्फुस संशोधन विभाग,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : पेशी सुस्त असल्या तरी अर्जदार ट्रम्पेट वाजवण्यास समर्थ असल्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या डॉक्टरबाईंनी मेहुण्यादेखत काढलेले उद्गार.

महोदय,

१. अर्जदार बागेतील बँडपथकात ट्रम्पेट वाजवतो. त्यास एचआयव्हीची लागण होऊन बरीच वर्षे झाली. गोळ्या नियमित चालू असून रक्ताच्या तपासणीत विषाणू सापडत नाही. फुप्फुसातील पेशींच्या अभ्यासासाठी आपणास माणसे हवी होती, तेव्हा अर्जदार राजीखुशीने आला. नाकातून नळी घालून फुप्फुसात मिठाचे पाणी सोडण्यात आले व परत ओढून घेण्यात आले. याबद्दल तक्रार नाही. घसा खवखवला, तेवढे चालायचेच.

२. तक्रार पुढची आहे. नंतर एकदा बाईंनी अर्जदारास बोलावून पडद्यावर त्याच्याच पेशी दाखवल्या. श्वासाबरोबर आत शिरणारे जंतू गिळणे हे त्यांचे काम. परंतु बशीत जंतू वाढून ठेवले असता अर्जदाराच्या पेशी त्यांच्याभोवती नुसत्या रेंगाळल्या. "औषधानं रक्तातला विषाणू आटोक्यात राहतो, पण फुप्फुसातल्या या पेशी काही जणांत जरा सुस्तच दिसतात. का, तेच आम्ही शोधतोय," असे बाई म्हणाल्या. यात गैर काही नाही. गैर इतकेच, की सोबत आलेला अर्जदाराचा मेहुणा शेजारी कान टवकारून बसला होता.

३. मेहुण्याच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत बातमी बँडमास्तरांकडे पोचली, ती अशी : "दाजींच्या फुप्फुसातले पहारेकरी झोपलेत." पुढच्या तालमीत मास्तरांनी न बोलता अर्जदाराच्या हातातून ट्रम्पेट काढून घेतला व ट्रँगल, म्हणजे एक लोखंडी त्रिकोण आणि तो वाजवायची काडी, हातात ठेवली.

४. ट्रँगल वाईट वाद्य आहे असे अर्जदाराचे म्हणणे नाही. मात्र पथकाच्या सर्वांत लांब धुनेत ते एकदाच वाजते. वाट पाहता पाहता अर्जदारास डुलकी लागते आणि ती 'टिंग' हुकते. हुकल्याचे कुणाच्याही लक्षात येत नाही, हे जास्त लागते. ट्रम्पेट सध्या क्लॅरिनेटवाल्याकडे असून तो फुंकू लागला की बाकांवरची मंडळी उठून कारंज्यापलीकडे जाऊन बसतात. घरी पत्नीचे म्हणणे, "आतले पहारेकरी आणि बाहेरचा मालक, सगळे एका माळेचे मणी. कुणी म्हणून इकडची काडी तिकडे करायची नाही."

५. अर्जदारास खरी भीती निराळीच होती. आजाराविषयी त्याने पथकात कधी चकार शब्द काढला नव्हता. आपण तोंड लावलेले वाद्य म्हणूनच ते काढून घेतले असे वाटून तो तालमीस जाईनासा झाला. तेव्हा बँडमास्तर स्वतः घरी आले. म्हणाले, "तुझ्या गोळीची वेळ झाली की मी तालीम थांबवतो, ती काय माझे पाय दुखतात म्हणून? मला केव्हापासून माहीत आहे. मला तुझी किळस नाही रे. धाप लागून माझ्यादेखत पडशील, ही धास्ती आहे. डॉक्टरांचा कागद आण आणि बस आपल्या खुर्चीवर." पत्नीने चहा टाकला.

६. श्वास मोजण्याच्या यंत्रात फुंकायला लावले असता अर्जदाराने बाई "पुरे, पुरे" म्हणेपर्यंत फुंकले होते, याची नोंद आपल्याकडे असेलच. तरी त्या आधारे दाखला द्यावा, ही विनंती. क्लॅरिनेटवाल्याचीही तीच विनंती आहे.

७. शेवटी एक. त्या पेशी इतकी वर्षे नकोशा पाहुण्याबरोबर एका घरात राहत आहेत आणि तरी कामावर हजर आहेत. त्यांच्या नावापुढचा 'सुस्त' हा शेरा खोडून 'थकलेल्या' असे लिहावे. पुन्हा पाणी सोडायचे असल्यास अर्जदार येईल, मेहुण्यास न आणता. आणि पेशी पडद्यावर दिसल्याच, तर अर्जदार त्यांच्यावर नाराज नाही, एवढे त्यांना कळवावे.

आपला नम्र व दमदार,
(सही)
ट्रम्पेटवादक, हल्ली ट्रँगलवर

दिनांक : तालमीचा आदला दिवस

सोबत : मेहुण्याचा माफीनामा (शुद्धलेखन त्याचेच).