शिंप्याच्या मुलाचा कोट

३ फेब्रुवारी
बोलणी खाल्ली! या वयात! फोनवरच्या त्या लेखकांच्या गटाचा नियम असा — आपलं लिखाण टाकायचं, तर आधी दुसऱ्या दोघांचं वाचायचं आणि त्यांना प्रोत्साहन द्यायचं. दिलं. एका कवीला लिहिलं, "पहिली चार कडवी काढा, कविता बरी होईल." गट चालवणारी पोरगी म्हणते, "मावशी, लेखकाला आधार द्यायचा असतो, इंजेक्शन नाही."
जन्म मेट्रनकीत गेला. हात आपोआप सुईकडेच जातो!

५ फेब्रुवारी
कवीला लाल बदाम टाकला. माझी मलाच लाज वाटली.

९ फेब्रुवारी
गोष्ट लिहायला बसले. कल्पनाशक्तीच्या नावाने शंख! एकमेकांपासून तुटलेले बाप-मुलगा कल्पायचे ठरवले, तर डोळ्यांसमोर घरातलेच उभे. ह्यांचं चष्म्यांचं दुकान. चिरंजीवांना नोकरी लागली आणि त्यांनी नवा चष्मा केला तो दुसऱ्याच्या दुकानात! हे एवढंच म्हणाले, "काचा बऱ्या आहेत." तेव्हापासून दोघांत शब्द नाही. चिरंजीव परगावी, फोन करतात तो मला. पुढे ह्यांनी दुकानही बंद केलं — "कंटाळा आला" म्हणे.
तर मी काय केलं? चष्मेवाल्याचा शिंपी केला, चष्म्याचा कोट केला. झालं साहित्य!

१२ फेब्रुवारी
पहिला भाग टाकला. बदामच बदाम! "मावशी, रडवलंत." दर पाच मिनिटांनी फोन उघडून बघतेय. पेशंटचा ताप इतक्यांदा बघितला असता तर पदक मिळालं असतं.
ह्यांना सांगितलेलं नाही. गटातलं माझं खातं ह्यांनीच उघडून दिलं, पण हे वाचतात ते फक्त वर्तमानपत्र, तेही शेवटच्या पानापासून. चिरंजीवांना फोनवर सांगितलं. "हं" म्हणाले. बापाचाच "हं".

१५ फेब्रुवारी
दोन आगाऊ वाचक मागे लागलेत. खरी नावं लपवून येतात. एक "काटकोन", दुसरा "उपाशी उंट". बदाम नाही, कौतुक नाही, नुसते वाद!
काटकोन लिहितो — "शिंप्याला कोटाचा राग नव्हता. मुलाने एकदा विचारलंसुद्धा नाही, याचा होता."
उंट — "विचारलं असतं तर गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं असतं, आधी ताठ उभा राहा म्हणून."
काटकोन — "ताठ उभं राहिल्याशिवाय माप कसं घेणार?"
अरे, गोष्ट कोणाची? बाप माझा, मुलगा माझा, कोट माझा!

१६ फेब्रुवारी
दोघांना खडसावलं — "कथेला धरून बोला." कवी मध्ये पडला, "मावशी, वाचकांना आधार द्या." चार कडव्यांचा सूड!

१९ फेब्रुवारी
उंटाने आज कहर केला. लिहितो — "बापाचा हात थरथरायला लागला होता. सुई ओवायला तो दारातल्या उजेडात जायचा. मुलगा लहानपणापासून दुकानात बसलेला, त्याला कळलं. कोट बिघडला असता तर बापाने तो मुलाच्या अंगावर रोज बघितला असता. म्हणून मुलगा दुसऱ्याकडे गेला."
माझ्या शिंप्याचा हात थरथरतच नाही! कुठून काढतात हे लोक?
तरी तीनदा वाचलं. माझ्यापेक्षा बरं लिहितो मेला.

२० फेब्रुवारी
काटकोन गप्प. सुंठीवाचून खोकला गेला.
घरात हेही गप्प. चहा निवला तरी घेतला नाही. "बरं नाही का?" विचारलं. "हं."

२२ फेब्रुवारी
काटकोन परतला. एकच ओळ — "मग तसं सांगायचं होतं."
खाली उंट — "सांगितलं असतं तर बापाने सुई त्याच दिवशी ठेवली असती."
काटकोन — "न सांगताही ठेवलीच."
आता हे दोघं माझ्याशी बोलतही नाहीत, आपसांतच चाललंय! मी म्हणजे लग्नात हॉल भाड्याने देणारी.
गटातल्या पोरीला विचारलं, हे थांबवू कसं? म्हणाली, "शेवटच्या भागात बाप मारा, मावशी. बाप मेला की कोणी वाद घालत नाही. बदामही भरपूर पडतात."
पटलं. रविवारी मारते.

२४ फेब्रुवारी
बाप मारून झाला. छान मेला. उद्या टाकायचा. नवऱ्याला एकदा तरी दाखवावं म्हणून हा भाग ह्यांना वाचून दाखवला — वॉर्डात सूचना वाचावी तसा, खड्या आवाजात. हे उठून बाल्कनीत गेले. घ्या! घरचाच वाचक फितूर.

२५ फेब्रुवारी
सकाळी हे समोर येऊन बसले. म्हणाले, "त्याला एवढ्यात मारू नकोस. काटकोन मी आहे. उंट कोण, ते मी पहिल्याच ओळीला ओळखलं. काल त्याने विचारलंय — हात आता कसा आहे? मला उत्तर लिहायचंय."