नारळ कुठे फोडू?

धुळे, मंगळवार, संध्याकाळ

रावेरकडे वादळात केळीच्या बागा आडव्या झाल्या. तिथल्या शेतकऱ्यांच्या मदतीसाठी आमच्या संस्थेची पेटी घेऊन मी दिवसभर चौकात बसले. समोर मंदिरातही त्याच मदतीची पेटी, आणि तिथे रांग.

माझ्यापुढे एक म्हातारे नाना तेवढे थांबले, हातात नारळ. "ताई, नारळ कोठे फोडू?"

"इथे देव नाही, नाना."

ओशाळून समोर गेले. दोन्ही पेट्यांतले पैसे शेवटी रावेरलाच जाणार, मग मला एवढं का लागलं?

परतताना त्यांनी अर्धा नारळ माझ्या हातात ठेवला. "एकल्या बसेल शेतस, ताई. परसाद ल्या." एकटी बसलेय म्हणून मला प्रसाद.

तो अर्धा नारळ ओट्यावर तसाच पडलाय. प्रसाद एकट्याने खायचा नसतो, वाटायचा असतो. या घरात कोणाला वाटू?