साक्षीला पॅस्को मास्तर नकोत

मी विनिफ्रेड हॅनरहन, कै. मायकेलची विधवा, राहणार मलॉक्स क्रीक, न्यू साउथ वेल्स, धंदा खाणावळीचा, लिहून ठेवते की माझे गुडघे गेले असले तरी डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारा अजून जन्मायचा आहे.

१. खाणावळ आणि गायी पुतण्या कॉर्नेलियसला. मला मातीत पुरेपर्यंत तरी त्याने जेवणाचे दर वाढवू नयेत.

२. माझा पितळी तराजू दुकानदार एमॉस टकवेलला. त्याच्या दुकानात एक तरी खरा तराजू असू दे. शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून त्याने म्हाताऱ्या पॅस्को मास्तरांना नाताळापर्यंत शाळेची राहती खोली सोडायला सांगितले आहे. "जातील कुठं ते?" मी विचारले. "ते माझं काम नाही," म्हणाला. मेला!

३. ओढ्याकाठचे माझे घर, चूल आणि फळझाडांसकट, एबेनेझर पॅस्को मास्तरांना. डॉक्टरांच्या मते मला नाताळ दिसणार नाही, म्हणजे घर वेळेवर मिळेल. जिवंतपणी दिले तर ते घेणार नाहीत, हे मी जाणते.

बऱ्याच वर्षांपूर्वी चिनी माळी आह सिंगची मुलगी लीना शाळेत आली, तेव्हा गावाने आपली पोरे काढून घेतली. मास्तरांची फी बुडाली. तरी ते रोज रिकाम्या बाकांची हजेरी घेत आणि एकट्या लीनाला शिकवत. शेवटी गावच शरमले. मला तर त्यांनी चाळिशीनंतर अक्षरे शिकवली, माझ्याच परातीतल्या पिठात बोटाने गिरवून. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग कोणीच त्यांना काही कसे ठेवले नाही? कारण गावातले प्रत्येक मृत्युपत्र तेच लिहितात आणि साक्षीची सहीही तेच करतात. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हा कायदा त्यांनीच मला सांगितला. मरणाला टेकलेला ड्रिस्कॉल त्यांना घोडी ठेवणार होता, तर म्हणाले, "घोडी पोरांना दे, मला साक्षीला राहू दे." काय म्हणावे या माणसाला!

म्हणून आज लेखणी मी धरली. मघाशी ते दारात आले. "हॅनरहनबाई, सहीला येऊ ना?"

"नको. तुमच्या सहीचा मला काही उपयोग नाही."

बिचाऱ्यांचे तोंड एवढेसे झाले. माझे काळीज तुटले, पण मी दार लावून घेतले.

सही: विनिफ्रेड हॅनरहन, स्वहस्ते
साक्षीदार: लीना आह सिंग, शिवणकाम; टॉमस ब्रेडी, लोहार
मलॉक्स क्रीक, ९ ऑक्टोबर १८८८

ता. क. मास्तर अजून फाटकाशी बसले आहेत. शाई वाळेपर्यंत त्यांना आत घेऊ नये.