डॉक्टर चप्पल, फक्त फाटकापर्यंत

६ जानेवारी, सोमवार
टाच. सकाळी पाय खाली टेकवला की खिळ्यावर उभं राहिल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, मऊ चप्पल वापरा. सत्तावीस वर्षं मी शाळेत पीटी शिकवतोय. प्रार्थनेनंतर पोरांचे बूट तपासतो, चपलेत आलेल्याला वेगळ्या रांगेत उभं करतो. आणि मीच चप्पल घालू? शक्य नाही.

९ जानेवारी
बायकोने, तुळसाने, बाजारातून डॉक्टर चप्पल आणली. काळी, जाड, पाण्यात भिजलेल्या पावासारखी. तिला स्पष्ट सांगितलं, घालणार नाही. म्हणाली, नका घालू, दुखू द्या.
संध्याकाळी घालून पाहिली. फक्त न्हाणीपर्यंत.

१४ जानेवारी
नियम केला. चप्पल फक्त घरात. अंगण घरातच धरायचं.

१९ जानेवारी, रविवार
किरकोळ दुरुस्ती. फाटकापर्यंत चालेल. आज दूधवाला चौकात थांबला होता, म्हणून फाटकाची हद्द आजच्यापुरती चौकापर्यंत धरली.

२५ जानेवारी
आमच्या उर्वशीचं साक्षगंध ठरलं, म्हणजे साखरपुडा. सोळा फेब्रुवारी, इथेच घाटंजीत. मुलगा पांढरकवड्याचा. पाहायला आले तेव्हा व्याह्यांनी दाराशी काढलेले बूट इतके चकचकीत होते की त्यात तोंड दिसावं. शेजारी माझी ती चप्पल. मनाला लागलं. एकच पोरगी आहे, तिचा बाप चारचौघांत कमी दिसता कामा नये.
यवतमाळहून टॅन रंगाचे टोकदार जोडे आणले. दुकानदार म्हणाला, साहेब, वापरले की सैल होतात. रोज दहा मिनिटं सराव.

२७ जानेवारी
सराव चार मिनिटं.

२ फेब्रुवारी
सराव दोन मिनिटं, बसून. बसल्यावर जोडे उत्तम आहेत.

१० फेब्रुवारी
शाळेत चप्पल घालून गेलो. मेडिकल कारण. बुटांची तपासणी तूर्त स्थगित. मुलांवर विश्वासही टाकायला हवा.

१४ फेब्रुवारी
उर्वशी म्हणाली, बाबा, परवा तुमी चप्पलच घाला, तुमाले लंगडताना पाहून मलेच कसंतरी होते. पोरगी भोळी आहे. तिच्याचसाठी तर हे सगळं. डोळ्यांत पाणी आलं. टाचेमुळे.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
साक्षगंध पार पडलं. शोभला बाप.
सकाळी जोडे घालून हॉलवर पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकले, खोटं कशाला लिहू. वंदनेसाठी सगळ्यांनी दाराशी पादत्राणं काढली. त्रिशरण-पंचशील झालं. मी बाहेर येतो तोच मागच्या मांडवातून हाक आली, पाणी संपलं. खाली न बघता पाय सरकवले आणि पळालो. काय सांगू, जोडे एकदम मऊ. दुकानदार खरं बोलला होता. दिवसभर पंगतीत फिरलो, जिलबीचा आग्रह केला, एकदाही लंगडलो नाही. व्याही सारखे माझ्या पायांकडे बघत होते. बघू देत.
एक मात्र खटकलं. विहीणबाई वंदनेनंतर दाराजवळ खुर्चीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. मांडवात चला म्हटलं तर नुसत्या हसल्या. ताट तिथेच मागवलं. ही कसली घमेंड? पोरीला त्या घरात नांदायचंय. काळजी वाटते.

१७ फेब्रुवारी, सकाळी
दाराशी काळ्या चपलांचे दोन जोड. टॅन जोडे नाहीत. तुळसा बघत राहिली, मग हसत खालीच बसली.
तेवढ्यात व्याह्यांचा फोन. हॉलच्या दाराशी टोकदार जोडे उरले होते, ते त्यांनी नेलेत. विहीणबाईंचीही टाच दुखते. तापलेल्या फरशीवरून अनवाणी मांडवापर्यंत येववेना, म्हणून बसून राहिल्या. मी म्हटलं, काल काहून नाही सांगितलं? म्हणाले, पोरीच्या बापाले चारचौघांत कसं सांगाव, की तुमी आमच्या मंडळीची चप्पल घालून फिरून राह्यले?
मान खाली गेली. त्या माणसाच्या बुटांशी मी महिनाभर बरोबरी करत होतो.
तुळसाला म्हटलं, पण बायकांची चप्पल माझ्या लक्षात कशी आली नाही? ती म्हणाली, कशी येईन? तुमचीबी लेडीजच हाय. त्या दिवशी बाजारात जेन्ट्स नोती.

२० फेब्रुवारी
पांढरकवड्याला जाऊन चप्पल परत केली. माफी मागितली. विहीणबाईंनी ती लगेच पायात घातली आणि म्हणाल्या, भाऊ, लग्नात मी हेच घालीन, तुमीबी घाला, म्हणजे मले एकटीले लाज नाही वाटणार. मी मान्य केलं. केवळ त्यांच्यासाठी. माझी टाच आता जवळजवळ बरी आहे.
परत आणलेले जोडे पोराला, रोशनला दिले. त्याने घालून पाहिले आणि म्हणाला, बाबा, तुमीच ठेवा.
तुळसाला माझा निर्णय सांगितला. तिने कपाटातून पिशवी काढून दिली. लग्नासाठी नवी चप्पल, केव्हाचीच आणून ठेवलेली. मरून. पट्ट्यावर छोटं फूल.
घालीन. पण फक्त मांडवापर्यंत.