बाबांचं बिनकामाचं चालणं

बाबा,

आज उपकेंद्रात एक म्हातारे खलाशी आले होते. रक्तदाब मोजला, बराच वर होता. मी त्यांना म्हटलं, रोज अर्धा तास चालत जा. त्यांनी विचारलं, "खंय?" मी म्हटलं, कुठेही. कामाशिवाय चालायला सांगणारी ही नर्स शहाणी की खुळी, असा चेहरा करून ते बघत राहिले, आणि मला तुम्ही आठवलात. इतकं हसू आलं की त्यांना वाटलं मी त्यांनाच हसते. घरी आल्यावर चहा ठेवला नि हे लिहायला बसले.

तुमचं दुखणं मीच शोधून काढलं होतं. नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं, मोजायची हौस मोठी. तीस वर्षं होडीवर तांडेल म्हणून हुकूम सोडलेले तुम्ही, गुडघ्यांमुळे नुकतेच घरी बसला होता. तुमच्या दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, आणि पारा बघून पुन्हा एकदा मोजला. एकशे नव्वद! डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं, चालायला सांगितलं, रागावू नका म्हणून सांगितलं. घरी येऊन तुम्ही ताटातल्या कालवणाला बोट लावलंत नि आईवर डोळे वटारलेत. "अळणी बांगडो खाऊन जगाचा कित्याक?" आई म्हणाली, "रागवाचा नाय म्हणान सांगल्यानी मा?" तुम्ही जेवलात, पण असे जेवलात की जणू आम्ही कोर्टात शिक्षा ठोठावली आहे.

चालण्याचा पहिला दिवस तर मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही बंदरापासून तिठ्यापर्यंत जाणार होता आणि अर्ध्या वाटेतून परत आलात, लालबुंद. वाटेत प्रत्येकाने विचारलं होतं, "खंय चल्लात?" तुम्ही खरं ते सांगितलंत, "खंय नाय." आता आपल्या वाडीत खंय नाय चाललेला माणूस कुणी बघितलाय? संध्याकाळपर्यंत दोन बायका येऊन आईला हळूच विचारून गेल्या, "घरात भांडाण झाला काय?" मग तोड आईनेच काढली. तुमच्या हातात कापडी पिशवी दिली. "हातात पिशवी आसली की कोण इचारत नाय."

विचारलं नाही, हे खरं. पण दुसऱ्याच दिवशी लोक कामं सांगायला लागले. बाजारात चाललाच आहात तर पाव घेऊन या, येताना चक्कीवरचं पीठ आणा, माहेरी चाललेल्या सुनेला हा नारळ पोचवा. महिन्याभरात तुम्ही अख्ख्या वाडीचे हरकामे झालात. दोनदा शिळा पाव दिला म्हणून पाववाल्याशी तुम्ही एवढे भांडलात, की चालून उतरलेला पारा तिथेच पुन्हा चढला असणार. पण खरं सांगायचं तर तुमचा चेहरा उजळला होता. तुम्ही सकाळी सातला दाढी करून, पिशवी खांद्याला लावून निघताय, ओसरीवरून मला दिसताय, आणि आई मागून ओरडतेय, "रागवा नको हां खंय!"

मग शेजारच्या निवृत्त गुरुजींनी तुम्हाला प्राणायाम शिकवला. टीव्हीवर बघून ते स्वतःच नुकते शिकले होते. एक नाकपुडी बंद, दुसरीतून श्वास, इथवर ठीक होतं. पण भ्रामरी सुरू झाली आणि आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं मिक्सर जळला. वाऱ्यावरून हाका मारायची सवय झालेला तुमचा आवाज, त्याचा भुंगा तो केवढा असणार! त्यातच कुणीतरी सांगितलं, सकाळी उपाशीपोटी कच्ची लसूण खावी. तुम्ही तीन पाकळ्या चावायला लागलात आणि आईने आपलं अंथरूण माजघरात हलवलं. "माका बीपी नाय," ती म्हणाली, "पण तुमच्या लसणीन होतला."

मी हसत होते, पण दर शनिवारी पट्टा घेऊन तुमच्यासमोर बसले की माझं हसू जायचं. पारा एकशे ऐंशीच्या खाली यायचा नाही. मी विचारायची, लोणचं खाल्लंत? कुणाशी भांडलात? तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणायचात, "पारो आपसूक चढना नाय, तू चढयतंस." मला राग यायचा. मी आणखी बोलायची.

मग शिमग्याच्या आधी, एका सकाळी, बंदरावर मासळीच्या लिलावाच्या गर्दीत तुम्ही मटकन खाली बसलात. नाकातून रक्त. मला निरोप आला तेव्हा मी लसीकरणाला बसले होते. तशीच पळत आले. तुम्ही बर्फाच्या पेटीला टेकून होता, शर्टभर लाल, आणि भोवतीच्यांना दरडावत होता की मासळीवर पाय देऊ नका. रिक्षात मी विचारलं, "गोळी घेतलीत?"

"बंद केलंय."

"कधी?"

"म्हयनो झालो. आता लसूण आसा, चलणा आसा, नाकातलो वारो आसा. गोळी कित्याक?"

मी रिक्षातच रडायला लागले. रडता रडता तुम्हाला वाट्टेल ते बोलले.

डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं, औषध दिलं. दुपारनंतर तुम्ही शांत झालात तेव्हा मी गोळीवरून बोलत बोलतच पारा मोजला, तर एकशे सत्तर. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा." मी दाराबाहेर थांबले. पाच मिनिटं तुम्हाला गप्प बसवून त्यांनी मोजला. एकशे अठ्ठेचाळीस. मग त्यांनी आपल्या दोघांना समोर बसवलं. तुम्हाला म्हणाले, चाला, श्वासाचे व्यायाम करा, लसूण आवडत असेल तर खा, पण माझ्याशिवाय गोळी बंद करायची नाही. आणि मला म्हणाले, "सिस्टर, यापुढे मोजताना बोलायचं नाही." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की होडीभर सुरमई मिळाल्यावरही कधी तसं बघितलं नसेल.

त्यानंतर आई चहाबरोबर गोळी द्यायची आणि तुम्ही गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. मी तोंड मिटून मोजायला शिकले. तुम्ही पुढे सहा वर्षं चाललात. गेलात ते काविळीने. आपण सगळे रक्तदाबाच्या पाळतीवर बसलो होतो, आणि ती मागच्या दाराने आली.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. एकदा संध्याकाळीही तुम्ही निघाला होता. दारात थांबून म्हणालात, "येतंस काय गो माझ्यावांगडा? तिठ्यापर्यंत जावन येवया." मी म्हटलं, काम आहे. तुम्ही मान हलवलीत नि गेलात, पुन्हा कधी विचारलं नाहीत. काम काही नव्हतं बाबा. टीव्हीवर मालिका लागायची होती, आणि त्यात त्या दिवशी काय झालं, ते मला आता आठवतही नाही.