फोनला सांगितलेलं खोटं ठिकाण

बाबा, रस्ता सांगणारा जर आधी आपण कुठे चाललो हे कळल्याशिवाय तोंडच उघडत नसेल, तर तुम्ही काय केलं असतं? मला न्यूझीलंडमध्ये अशी एक रस्ता सांगणारी भेटली. ती फोनमध्ये राहते. लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी तिकडे गेले होते. तिचं पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं तशी गाडी माझ्या हाती आली. तिकडेही आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात, आणि निघण्याआधी मी आरटीओतून परदेशात चालवायचा परवाना काढून घेतला होता. त्यामुळे चालवायची भीती नव्हती. गोंदियाच्या बाजारात गाय, रिक्षा आणि वरात एकाच वेळी चुकवणारी बाई तिकडच्या रिकाम्या रस्त्याला काय भिणार. पण त्या फोनवालीवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास बसला नाही.

लेकीने तिला मराठी बोलायला लावलं होतं. "दोनशे मीटरवर डावीकडे वळा," असं ती पुण्याकडच्या बाईसारखं सांगायची. मी मुद्दाम उजवीकडे वळले तरी चिडायची नाही, गुपचूप नवा रस्ता काढून द्यायची. आपण चुकलो तरी जे माणूस रागवत नाही त्याचा काहीतरी मतलब असतो, हे मी तुमच्याकडूनच शिकले. मी काल कुठे थांबले, किती वेळ थांबले, हे तिला ठाऊक असायचं. एकदा मी काही न विचारता तिनेच दाखवलं की घरी पोहोचायला किती वेळ लागेल. आता मी घरीच चालले आहे हे हिला कोणी सांगितलं? मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. लेक हसली. म्हणाली, "आई, तिले काही घेणंदेणं नाही तुयाशी. तू फक्त लोकेशन चालू ठेवजो, मले दिसत राहते तू कुठं आहेस ते." म्हणजे एक नाही, पाहणाऱ्या दोघीजणी झाल्या.

तुम्हाला हसू येईल. की नाही येणार? तुम्ही राइस मिलचा ट्रक चालवत होता आणि शाळेला सुटी असली की मला केबिनमध्ये घेऊन जात होता. सडक अर्जुनीचा ढाबा मला अजून दिसतो. तुम्ही बाजेवर बसून जेवत आहात, शेजारच्या बाजेवरचा ड्रायव्हर विचारतो, "कहाँ जा रहे हो, उस्ताद?" आणि तुम्ही वर न बघता म्हणता, "बस, आगे." तो हसतो, तुम्ही हसत नाही. परत केबिनमध्ये चढल्यावर तुम्ही मला शिकवता, "रस्ता विचाराचा असन त आपल्या गावाचं नाव घेऊ नोको. हा रस्ता कुठं जाते, एवढंच विचार. आपल्याले कुठं जायाचं हाय, हे त्याले कायले सांगाचं?" याचं कारण मला आईने सांगितलं होतं. तुम्ही एकदा अशाच कोणाला माल कुठला, मुक्काम कुठे, हे बोलून बसला होता, आणि पुढच्या चढावर गाडी हळू झाली तेव्हा मागून ताडपत्री फाडून तांदळाने भरलेले कट्टे उतरवले गेले. मालकाने संशय घेतला तो तुमच्यावरच. तेव्हापासून तुम्ही रायपूरला जाणार असाल तर बाहेर देवरी सांगायचे, देवरीला जाणार असाल तर साकोली. पुढेपुढे घरातही तेच सुरू झालं. आई डबा बांधताना विचारायची, तुम्ही काहीतरी एक गाव सांगायचे. ते खरं असेल असं तिने बहुतेक कधीच धरलं नाही.

तर मी काय केलं ते सांगते. लेकीसाठी डिंकाचे लाडू करायचे होते आणि घराजवळच्या दुकानात डिंक मिळत नव्हता. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आपल्या लोकांचं मोठं दुकान आहे असं कळलं. एवढ्या लांब एकटीला लेकीने जाऊ दिलं नसतं, म्हणून मी तिला म्हटलं, कोपऱ्यावरून भाजी घेऊन येते. फाटकाबाहेर गाडी काढली आणि लोकेशन बंद केलं. मग फोनवालीची पाळी. तिला दुकानाचं नाव कशाला सांगायचं? दुकानाच्या अलीकडचा एक पेट्रोलपंप शोधून ठेवला होता, तेवढाच तिला दिला. तिथून पुढे मी माणसांना विचारीन, असा माझा हिशोब. पंपावर पोहोचले, ती म्हणाली, "तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात," आणि मला खरंच बरं वाटलं. फसवलं हिला.

पण बाबा, त्या देशात रस्त्यावर माणसंच नसतात. चहाची टपरी नाही, पानठेला नाही, पुलाच्या कठड्यावर बसलेला म्हातारा नाही. पंपावर लोक आपापलं पेट्रोल भरतात आणि निघून जातात. एका बाईला थांबवून मी तुमच्या रीतीने विचारलं, हा रस्ता कुठे जातो? तिने माझ्याकडे आणि रस्त्याकडे पाहिलं. तो बऱ्याच ठिकाणी जातो, तुम्हाला कुठे जायचंय, असं तिने चांगल्या मनाने विचारलं. मला सांगवेना. "थँक यू" म्हणून मी गाडीत बसले आणि अंदाजाने फिरत राहिले. मधे फोन वाजत होता. गाडी चालवताना मी फोन घेत नाही, आणि थांबावं असंही वाटलं नाही. दुकान सापडलं, डिंक मिळाला, खारीकही मिळाली, आणि मी खुशीत परतले.

लेक घरात नव्हती. कोपऱ्यावरच्या भाजीच्या दुकानाबाहेर पायरीवर बसली होती, पायात घरातल्याच सपाता, एक हात पोटावर. मला वाटलं, कळा सुरू झाल्या. मी गाडी तशीच उभी करून धावले.

"दुखून राहिलं का?"

"काही दुखत नाही मले," ती म्हणाली. "तुले पाहत होती मी. दुकानवाल्याले विचारलं, तो म्हणे अशी बाई आलीच नाही. फोन काऊन नाही उचलला?"

मी डिंकाची पिशवी पुढे केली. तिने ती घेतली नाही.

"आजीनं आबाजीले शोधलं, तशी मी तुले शोधत बसू का, आई? चुकीच्या गावात?"

तिने तुम्हाला पाहिलेलं नाही. ती गोष्ट मीच तिला सांगितली होती, आणि एखाद्या दुसऱ्याच्या घरात घडल्यासारखी सांगितली होती. तुम्ही आईला रायपूर सांगून निघाला होता. तुम्ही आला नाहीत तेव्हा दुसरं कुठलंच नाव हाती नव्हतं म्हणून आई मला घेऊन सडक अर्जुनीला गेली, आणि रायपूरकडून येणारा एकेक ट्रक हात करून थांबवत राहिली. ढाब्यावर विचारलं तर ते म्हणाले, "वो तो कभी बताते ही नहीं थे." आई पुन्हा रस्त्यावर. मी तिच्या पदराला धरून उभी होते आणि प्रत्येक ट्रकच्या काचेत तुम्हाला बघत होते. आणि तुम्ही तिकडे पार दुसऱ्याच दिशेला, वारासिवनीच्या रस्त्याला, झाडाखाली गाडी नीट बाजूला लावून, स्टिअरिंगवर डोकं ठेवून होता. छातीतली कळ दाबून गाडी बाजूला घेण्याइतका वेळ तुम्हाला मिळाला होता. आई तिथे असती तर काही झालं असतं की नाही, मला माहीत नाही. पण ती निदान त्या रस्त्यावर तरी असती. मला तुमचा राग आहे, बाबा. इतक्या वर्षांत तो मी कोणाजवळ बोलले नाही, कारण मेलेल्या माणसावर रागवत नाहीत म्हणतात. तुम्ही चोरांपासून गाव लपवलं ते समजू शकते. आईपासून कायले?

नातू चांगला आहे, तिकडेच आहे, आणि मी परत येऊन बरेच दिवस झाले. लोकेशन चालू ठेवायचं वचन लेकीने घेतलं आणि मी ठेवते. दवनीवाड्याला जाते, बाजारात जाते, ती तिकडून बघते म्हणे. पण माझा स्वभाव तुमचाच. मला वाटायला लागलं, ही खरंच बघते का? की म्हाताऱ्या आईला बरं वाटावं म्हणून म्हणते? हे सगळं मी तुम्हाला लिहिते आहे, पाठवणार कुठेच नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. परवा मी चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर, बांधावर, जाऊन बसले आणि लोकेशन बंद केलं. तलावाकडे बघायचं सोडून फोनकडे बघत बसले. बराच वेळ काहीच आलं नाही, आणि माझं तोंड कडू झालं. मग फोन वाजला. मागे बाळ रडत होतं आणि लेकीला धाप लागली होती. "आई, कुठं आहेस? दिसून नाही राहिली तू."

मी तिला खरं ठिकाण सांगितलं. दिसत का नव्हते विचारलं, तर म्हटलं, इथे नेटवर्क नव्हतं. नेटवर्क होतं, बाबा.